मुलाम्याची मोटार

सोन्याचा कस दगडावर लागतो. मोटारीचा कस कशावर लावायचा? इंग्लंडातल्या जुन्या मोटारींच्या बाजारात हा प्रश्न भल्याभल्यांचा खिसा हलका करतो. आणि मोटार ‘मिनी कूपर एस’ असेल तर विचारूच नका!

या गाडीची थोरली बहीण म्हणजे साधी मिनी. ती १९५९ साली आली. ८४८ सीसीचे इंजिन, ३४ अश्वशक्ती. बाजारहाट करावा, पोरांना शाळेत सोडावे, एवढीच तिची झेप. तिने शर्यतीत उतरावे ही कल्पना तिच्या जनकाला, अ‍ॅलेक इसिगोनिसला, आधी रुचली नव्हती. पण जॉन कूपरने हट्ट धरला, आणि १९५९ व १९६० अशी दोन वर्षे फॉर्म्युला वनचे अजिंक्यपद मिळवणाऱ्या गाड्या ज्याच्या कारखान्यातून निघाल्या, त्याला नाही कोण म्हणणार? १९६१ मध्ये ‘कूपर’ निघाली, १९६३ मध्ये ‘कूपर एस’. १९६४ च्या जानेवारीत पॅडी हॉपकर्कने हे चिमुकले वाहन घेऊन माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६६ साली तर पहिले तिन्ही क्रमांक मिनीचेच होते. पण दिवे नियमात बसत नाहीत म्हणून पंचांनी तिघींना घरी पाठवले. (हरलेल्या पाहुण्याने यजमानाच्या घरातले दिवे मोजावेत हे ऐकले होते, इथे यजमानानेच पाहुण्याचे मोजले.)

आज खऱ्या ‘एस’ला साध्या मिनीच्या कित्येक पट दाम पडतो. बाहेरून मात्र दोघी जुळ्या. फरक काय, तर समोरची जाळी, वेगळ्या रंगाचे छप्पर आणि एक बिल्ला. हे सारे दुकानात मिळते. म्हणून जे आधी डोळ्यांत भरते, त्याच्याकडे मी पाहतच नाही.

चाकांना भोके हवीत, पुढे साडेसात इंची डिस्क ब्रेक हवेत, त्यांना सर्व्हो हवा. १९६६ नंतरच्या गाडीला पेट्रोलच्या दोन टाक्या हव्यात. पण डिस्क तेवढ्याच मापाच्या पुढे १२७५ जीटी या मिनीलाही होत्या, आणि दुसरी टाकी बसवणे हे एका दुपारचे काम. इंजिनाचे म्हणाल, तर १२७५ सीसी हा आकडाच फसवा आहे. ‘एस’चे १२७५ सुमारे ७६ अश्वशक्तीचे, जीटीचे १२७५ साठाच्या आसपास. १९८० साली आलेल्या मेट्रोतही १२७५ सीसीचे इंजिन मिळे. ‘एस’च्या इंजिनाचे डोके अकरा ठिकाणी आवळलेले असते, साध्याचे नऊ. पण जास्तीची दोन भोके पाडून देणारे कारागीर आहेतच! खरी खूण पोटात असते. ‘एस’चा क्रँकशाफ्ट खास पोलादाचा, नायट्रायडिंग करून कठीण केलेला. आणि मिनीची गंमत अशी, की गिअरबॉक्स इंजिनाच्या खालीच, त्याच तेलात बसवलेला. तेव्हा क्रँक पाहायचा म्हणजे सगळे इंजिन बाहेर काढा! कोणता विकणारा तुम्हांला ते करू देईल?

आमचा एक भाचा बर्मिंगहॅमला असतो. पाच वर्षांची शिल्लक हातात घेऊन तो अशाच एका गाडीपुढे उभा राहिला होता. “मामा, लाल रंग, पांढरे छप्पर, चासिसचा नंबरसुद्धा कूपरचाच!” मी म्हटले, कूपरचा असेल, पण ‘एस’चा कशावरून? ऑस्टिनच्या साध्या कूपरचा नंबर सीए२एस७ ने सुरू होतो, ‘एस’चाही त्यानेच. मॉरिसच्या दोघींचा केए२एस४ ने. इंजिनाचा नंबर एका पत्र्याच्या पट्टीवर, आणि ती पट्टी ब्लॉकला रिव्हेटने मारलेली. रिव्हेट काढायला काय लागते?

लोखंड साक्ष देईनासे झाले की कारकुनाकडे जावे. कारखान्यातल्या उत्पादनाच्या नोंदी आज गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये आहेत. हॉपकर्कची ती गाडीही तिथेच. त्या नोंदींवरून दाखला मिळतो: गाडी कोणत्या दिवशी तयार झाली, रंग कोणता, इंजिनाचा मूळ नंबर कोणता. वहीत ‘एस’ असेल तर ‘एस’. मात्र दाखला नंबराचा असतो, पत्र्याचा नव्हे. मिनीची कोरी बॉडी आजही विकत मिळते. जुन्या गाडीचा नंबर तिच्यावर चढवला की वहीतली गाडी पुन्हा जन्माला आली!

नटवलेली मिनी वाईट असते असे मी म्हणत नाही. चांगले इंजिन, चांगले ब्रेक, पळायला झकास. दाम मात्र नटवलेल्या मिनीचाच द्यावा. भाच्याने विकणाऱ्याकडे दाखला मागितला. तो म्हणाला, “कागद काय करायचाय? गाडी पळवून पाहा!” भाचा गप्प उभा राहिला. पाच मिनिटांत किंमत दोन हजार पौंडांनी उतरली.