खाणीचे धन आणि विहिरीचे पाणी

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत व्यापारवृद्धी, करपद्धती आणि समाजाची प्रगती या विषयांवर अभ्यासपूर्ण लेख येत असतात. प्रस्तुत लेखकाची तेवढी योग्यता नाही. डिचोलीच्या बाजारपेठेत टायर, नटबोल्ट आणि वंगणतेल विकण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने विद्वत्तेचा आव आणू नये हे उघड आहे. परंतु ज्या धंद्यावर आपल्यापैकी बऱ्याच घरांच्या चुली पेटल्या, त्या खाणधंद्याविषयी आपल्या सभांतून एक बाजू सतत मांडली जाते व दुसरी कधीच मांडली जात नाही, ही गोष्ट मनाला कित्येक वर्षे टोचत आहे. म्हणून हा प्रपंच.

प्रथम आपली बाजू सांगतो, कारण तीही खोटी नाही. गोव्यातील लोहखनिजाची निर्यात पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या काळात सुरू झाली आणि १९५० नंतर जपानच्या पोलाद कारखान्यांनी तिला बळ दिले. चालू शतकाच्या पहिल्या दशकात चीनची मागणी अशी काही वाढली की, पूर्वी टाकाऊ म्हणून ढिगावर फेकलेली हलक्या प्रतीची मातीसुद्धा मांडवीतील बार्जांत चढू लागली. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले. त्या दिवसांत माझे दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे असे, आणि ज्याने कधी सायकल घेतली नव्हती तो गृहस्थ बँकेचे कर्ज काढून ट्रकचा मालक होऊन टायरांची मागणी घेऊन येई. आम्ही उधारी देत गेलो. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचाही मनाई हुकूम झाला. एप्रिल २०१४ च्या निकालाने काही अटींवर वाट मोकळी झाली. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि १६ मार्च २०१८ पासून पुन्हा सारे ठप्प झाले. माझ्या खातेवहीची त्या काळातील पाने आजही कोरीच मिटवून ठेवावी लागली आहेत. ज्यांच्याकडून येणे होते त्यांच्या दारात उभे असलेले ट्रक गंजताना पाहिले, तेव्हा तगादा करण्याचेही धैर्य झाले नाही.

तेव्हा खाणी पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून व्यापाऱ्यांनी जी निवेदने दिली, त्यांवर मीही सही केली. ती सही मी आज नाकारीत नाही. परंतु त्या निवेदनांत ट्रकमालक होता, बार्जमालक होता, हॉटेलवाला होता, दुकानदार होता. ज्याच्या शेतात खाणीचा गाळ उतरतो तो मात्र कोठेच नव्हता. हे माझ्या लक्षात आणून दिले ते माझ्याच एका जुन्या गिऱ्हाइकाने. मये-मुळगावच्या बाजूचा हा शेतकरी, माझ्या वडिलांच्या वेळेपासून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नांगराचा फाळ, दोर आणि पत्र्याचे डबे नेई. एकदा बऱ्याच वर्षांनी भेटला तेव्हा मी सहज विचारले, "काका, हल्ली येणे नाही?" ते म्हणाले, "शेटजी, शेतच नाही तर फाळ कशाला? मात्र तुमचे टायर आमच्या दारावरून रोज जातात." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

शेत नाही म्हणजे शेत कोणी हिरावून नेले असे नव्हे. ते जागेवरच आहे. आमच्या भागात वरती जांभा दगडाचे कवच असते आणि त्याखाली लोखंडाची भुसभुशीत माती. पावसाचे पाणी ज्या थरात मुरून राहते व विहिरींना, झरींना वर्षभर पुरते, तो थर आणि खनिजाचा थर यांची फारकत करता येत नाही. खाण खोल गेली की तळाशी पाणी लागते. ते अहोरात्र पंपाने उपसून टाकल्याखेरीज काम चालत नाही. खाणीत पाण्याची पातळी खाली गेली की भोवतालच्या विहिरींतही ती खाली जाणारच. शिवाय एक टन खनिजासाठी दोन-अडीच टन किंवा त्याहून अधिक निरुपयोगी माती बाजूला काढावी लागते. तिचे डोंगर उभे राहतात आणि आपल्याकडे पडणाऱ्या शंभराहून अधिक इंच पावसात ते वितळून ओहळांवाटे भाताच्या खाचरांत उतरतात. लाल चिखल वाळला की फरशीसारखा कठीण होतो. त्यात वायंगणाचे पीक कसे उभे राहावे? शिरगावचे उदाहरण आपणां सर्वांस ठाऊक आहे. श्री लईराईच्या जत्रेला आपल्यातीलही कितीतरी कुटुंबे हौसेने जातात. त्या गावाला खाणींनी वेढले, खड्डे समुद्रसपाटीच्याही खाली गेले, विहिरी आटल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत पोहोचली आणि तेथील पाण्याच्या अभ्यासासाठी नागपूरच्या 'नीरी' संस्थेला पाचारण करावे लागले.

पेडण्याचे आपले बंधू म्हणतील, हा डिचोलीचा प्रश्न. आमच्याकडे खाणी कोठे आहेत? पण पाणी तालुक्याची सीमा मानीत नाही, राज्याचीही मानीत नाही. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात कळणे येथे लोहखनिजाची खाण आहे. जुलै २०२१ मध्ये तेथील खड्ड्याचा बांध फुटला आणि चिखलाचा लोंढा गावातील घरांत व बागायतींत शिरला. तीच कळणे नदी पुढे पेडणे तालुक्यात उतरते, आणि सबंध पेडण्याला पाणी पुरवणारा चांदेलचा प्रकल्प त्याच खोऱ्यात आहे.

आता जे सांगायचे आहे ते काहींना अप्रिय वाटेल. श्रावकाने कोणत्या धंद्यांपासून दूर राहावे हे आपल्या आचार्यांनी पंधरा कर्मादानांत सांगून ठेवले आहे. उपासकदशांगातील आनंद श्रावकाच्या कथेत ती येतात, हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातही येतात. लहानपणी पाठशाळेत ती आपण घोकली. अंगारकर्म, वनकर्म आणि पुढची. मोठेपणी ती पुन्हा पाहिली तेव्हा मी चपापलो. भूमी फोडणे ते स्फोटकर्म. तळी-सरोवरांचे पाणी उपसून ती कोरडी करणे ते सरःशोष. गाड्या तयार करणे व विकणे ते शकटकर्म, आणि गाड्या भाड्याने चालवून उपजीविका करणे ते भाटककर्म. खाणीच्या धंद्याची सगळी साखळी, खड्ड्यापासून ट्रकापर्यंत, त्या यादीत जणू नावानिशी बसली आहे! आपण त्यातून अशी पळवाट काढतो की, खोदणारे आपण नव्हे, आपण केवळ सामान विकतो. पण हिंसेचा हिशेब कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही सदरांत लिहिण्याची आपली परंपरा आहे. एखाद्या मुनीमाने तीन सदरांपैकी दोनच लिहून वही मिटवली, तर आपण त्याला कामावर ठेवू काय?

यावर कोणी म्हणेल, शास्त्र काटेकोर पाळायचे तर दुकानच बंद करावे लागेल. मी ते बंद केलेले नाही, आणि करा असे कोणास सांगतही नाही. शेती, बैलगाडी, गूळ-तेल, कशातच संपूर्ण निष्पाप व्यापार नाही. म्हणून तर व्रत 'अणु' असते. पण मर्यादा घालून घेणे हे तर व्रताचे मर्मच आहे. क्षमापनेच्या दिवशी आपण कलकत्त्यापासून मुंबईपर्यंतच्या आडत्यांना पत्रे पाठवतो. मुळगावच्या त्या काकांना मी आजतागायत एकही पाठवलेले नाही.

कुडण्याला ज्यांनी 'गुजीर' पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की, या तालुक्यात आपण पहिले आलेलो नाही. जांभ्या दगडाच्या त्या पडक्या जैन मंदिरात उभे राहिले की, शेकडो वर्षांपूर्वी या नदीकाठी आपले कोणी धर्मबंधू राहत होते, हे जाणवते. त्यांच्या वह्या उरल्या नाहीत, त्यांचा नफा-तोटा कोणास ठाऊक नाही. त्याच कुडण्याच्या परिसरात आज खनिजाचे पट्टे आहेत. खनिज हे मुद्दल आहे. ते एकदा गेले की व्याजासकट गेले. मुद्दल विकून आलेली रक्कम नफ्याच्या सदरी मांडणाऱ्या पेढीला आपण बुडीत म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि पुढील पिढ्यांसाठी विक्रीतील १० टक्के कायम निधीत ठेवावयास सांगितले, तेव्हा न्यायमूर्तींनी आपलीच भाषा वापरली असे मला वाटले.

डिसेंबर २०२२ पासून नव्याने लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या पहिल्या गटातून पुन्हा खनिज निघू लागले. मुळगावच्या ग्रामस्थांनी घरे, देवळे आणि शेते पट्ट्याबाहेर ठेवावीत अशी मागणी लावून धरली आहे. ती मागणी आपल्या निवेदनाचे पहिले कलम व्हावी, शेवटचे नव्हे. पट्ट्यालगतच्या विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून आकडे पंचायतीच्या फलकावर लागावेत, आणि २०१५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानात किती रक्कम आली व बाधित गावांवर किती खर्च झाली, याचा जमाखर्च मंडळाने मागावा. हिशेब मागण्यात आपला हात कोण धरणार? आणि निदान एक गोष्ट सरकारला न विचारताही करता येईल. ज्या ट्रकवर ताडपत्री नाही, त्याला माझ्या दुकानी उधारी नाही. हे मी सुरू केले आहे. त्यात काही गिऱ्हाइके गेली, हेही सांगतो.

या आशयाच्या ठरावाचा मसुदा मी चिटणिसांकडे दिला आहे. येत्या सर्वसाधारण सभेत तो मांडावयाचा आहे. सूचक म्हणून माझे नाव आहे, अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे.