‘मर्यादेत’ म्हणजे काय? नोंदी दाखवा!

चंद्रपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यात खाणींलगतच्या भूजलाचे अहवाल निघतात. ‘पाणी मर्यादेत’ एवढ्या शेऱ्यावर आम्ही गप्प बसायचे का? पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. नमुन्यात वेळेत नायट्रिक आम्ल टाकले नाही, तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि आकडा कमी येतो. चूक तपासणीची, फायदा खाणीचा, पाणी वस्तीच्या घशात!

विहिरीतले साचलेले पाणी आधी उपसले का? त्याच विहिरीचा दुसरा नमुना तपासून आकडे जुळवले का? बाटली कोणाकोणाच्या हातून गेली?

१९२७ ला महाडात बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. पाण्याच्या खऱ्या आकड्याचा हक्क आपण बजावू. तरुणांनो, माहिती अधिकारात नुसता अहवाल नको, या नोंदी मागा.

जय भीम!