ॲपवर सगळं येत नाही

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळातल्या एका तरुण आईला मी विचारलं, "लेक ॲडमिट होता तेव्हाचं काही लिहून ठेवलंस का गं?" ती म्हणाली, "काकू, ॲपवर सगळं येतं की." शेजारच्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. तिथे वाद घालणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे लिहिते.

ॲपवर काय येतं? रक्ताचे रिपोर्ट, औषधांची नावं, डॉक्टरांचा शेरा. लेकरू रात्री कशाने दचकून उठलं, औषध पोटात राहिलं की उलटून पडलं, सुईच्या आधी त्याने काय विचारलं, हे कुठल्या ॲपवर येणार? ते पाहणारं माणूस उशाशी बसलेलं असतं, आणि तिसऱ्या रात्रीच्या जागरणानंतर त्यालाही काल काय नि परवा काय कळेनासं होतं.

यवतमाळला माझ्या भाचीला सिकलसेल आहे. कळा सुरू झाल्या की ॲडमिट करावंच लागतं. वहिनी पिशवीत टॉवेलाच्या आधी शाळेची शंभर पानी वही टाकते. त्यातलं एक पान तिने मला फोनवर दाखवलं: 'पहाटे ३.१५. डावी पोटरी. सलाईन संपलं, सिस्टरला सांगितलं. पाणी दोन घोट. म्हणते, आजीला बोलाव.' अंगात पाणी कमी पडलं की या आजारात कळा उठतात, हे डॉक्टर सांगतातच. वहिनीच्या वहीत ते तारीखवार दिसतं. राऊंडला रोज नवा डॉक्टर आला तरी ती वही उघडून पुढे करते. आईने तिला पहिल्याच वेळी बजावलं होतं, "लेकराले काय देलं, कवा देलं, लिवून ठेव."

हे बजावणं किती खरं आहे ते आपल्याच यवतमाळ जिल्ह्याने पाहिलंय. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरीत पाच वर्षांखालच्या बारा मुलांना पोलिओ डोसऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात हलवावं लागलं. सुदैवाने ती वाचली. एवढ्याशा मुलाला आपल्याला काय पाजलं हे सांगता येत नाही. त्याच्या वतीने बोलणारे आपणच, आणि आपण बोलायचं ते कशाच्या आधारावर?

दवाखान्याचे कागद मिळतात, मागायलाही हवेत. भारतात २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे मागणी केल्यावर ते ७२ तासांत द्यायचे असतात. पण त्यांत दवाखान्याने पाहिलेलं असतं, आपण पाहिलेलं नसतं.

युरोपात, विशेषतः स्कँडिनेव्हियात, अतिदक्षता विभागातल्या सिस्टर आणि घरचे मिळून रुग्णासाठी रोजनिशी लिहितात. सहा देशांतल्या ३५२ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना बरं होताना अशी वही मिळाली, त्यांच्यातल्या ५ टक्क्यांना पुढे आघातानंतरचा मानसिक त्रास झाला. ज्यांना तेव्हा मिळाली नाही, त्यांच्यात १३ टक्क्यांना. अभ्यास मोठ्या माणसांचा होता, तरी आपल्या मुलांनाही मधले हरवलेले दिवस कधीतरी हवेसे वाटतील, असं मला मनापासून वाटतं.

  

उपदेश फार झाला, माफ करा. आजारी लेकराजवळ बसलेल्या आईला आणखी एक काम सांगणं सोपं आहे, हे मलाही कळतं. सगळं नाही जमणार. तारीख, वेळ, औषध आणि मूल जे बोललं ते, त्याच्याच शब्दांत, एवढं पुरे. रात्री बाबांची पाळी असेल तर पेन बाबांनी धरावं. वहिनीच्या वहीत दादाचं अक्षर एकाच पानावर आहे, आणि भाची सगळ्यात जास्त वेळा तेच पान उघडते.