दहा दिवस तिथले, दहा दिवस आपले

माझा धाकटा भाऊ तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. 2021 साली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमचे अब्बा गेले. त्याआधीच लॉकडाऊनने दुकान बसवले होते. देणेकरी दारात, अब्बांच्या खाटेची रिकामी जागा घरात. भावाची झोप उडाली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल बघत बसायचा, सकाळी बायको-मुलांवर खेकसायचा. पुढे अम्मीवरही आवाज चढवू लागला. एके दिवशी त्याने ताट भिरकावले तेव्हा अम्मी काहीच बोलली नाही, भात गोळा करत राहिली. ते मला आजही आठवते.

दुकानाशेजारी एक बौद्ध कुटुंब राहते. त्या घरातल्या काकांनी भावाला विपश्यनेविषयी सांगितले. "दहा दिवस जाऊन ये, पैसे लागत नाहीत," एवढेच. भाऊ माझ्याकडे आला. मी घरातला मोठा आणि थोडेफार वाचणारा. मी म्हणालो, आधी नियम वाचू.

नियम वाचले आणि अडलो. शिबिरात पंचशील पाळायचे : हत्या नाही, चोरी नाही, खोटे नाही, नशा नाही, ब्रह्मचर्य. यात आपल्याला अडचण नाही, उलट रोजाच आठवतो. पण पुढे होते की शिबिराच्या काळात आपापल्या धर्माची पूजा, प्रार्थना, जप, माळ सारे थांबवायचे. शिवाय सुरुवातीला बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याचे शब्द म्हणायचे. बुद्ध म्हणजे व्यक्ती नव्हे, जागृत होण्याचा गुण, असा त्याचा खुलासा केला जातो. खुलासा प्रामाणिक आहे. पण ज्याने 'ला इलाहा इल्लल्लाह' मनापासून म्हटले आहे, त्याला शरण हा शब्द दुसरीकडे वापरणे सोपे नाही. माझ्या जिभेवर तरी तो येणार नाही.

आमच्या मौलानांना विचारले. त्यांनी रागावून नाही, शांतपणे सांगितले की फर्ज नमाज स्वेच्छेने सोडता येत नाही, झोप येत नाही या कारणाने तर नाहीच. मला ते पटले, आजही पटते. मी केंद्रावर फोन करून विचारले, पाच वेळची नमाज चालेल का? उत्तर नम्र होते आणि स्पष्टही. नियम सर्वांना सारखा, बौद्धांनाही तिथे स्वतःची वंदना करता येत नाही, हिंदूंना जप करता येत नाही. आपल्याला जमत नसेल तर येऊ नका, त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. मला हा नकार आवडला. गोड बोलून आत घेणे आणि मग नियम सांगणे, असे त्यांनी केले नाही.

मी जायचे नाही असे ठरवले. भाऊ मात्र म्हणाला, "भाई, मी जुम्म्याशिवाय मशिदीत जातो कुठे? जी नमाज मी पढतच नाही ती सोडण्याचा गुन्हा मला आधीच लागलाय. मला आधी माणसात येऊ दे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ते बरोबर होते असे मी म्हणत नाही. उत्तर नव्हते, एवढेच म्हणतो.

मीच त्याला सोडायला गेलो. पावसाळा सरत आला होता. डोंगराच्या कुशीतले गाव, भाताची खाचरे, कच्चा रस्ता, पुढे फाटक. नोंदणीच्या टेबलावर त्याने मोबाईल, वही, पेन, पाकीट जमा केले. दिवसभर दुसऱ्यांचे मोबाईल उघडणाऱ्या माणसाने स्वतःचा मोबाईल पिशवीत घालून दिला, तेव्हा त्याची बोटे क्षणभर थांबलेली मी पाहिली. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. त्या संध्याकाळपासून मौन. बोलायचे नाही, खुणाही करायच्या नाहीत. अडचण आली तर व्यवस्थापकाशी किंवा आचार्यांशी हळू आवाजात बोलायचे.

बाकीचे त्याने नंतर सांगितले. पहाटे चारला घंटा. साडेचारपासून ध्यान. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, साधे आणि शाकाहारी. बाराच्या पुढे जेवण नाही. नव्या लोकांना संध्याकाळी पाचला चहा आणि फळ, आधी शिबिर केलेल्यांना फक्त लिंबूपाणी. दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणे. रात्री प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. पहिले साडेतीन दिवस एकच काम : नाकातून येणारा-जाणारा श्वास बघायचा. तो बदलायचा नाही, मोजायचा नाही, त्याला कुठलेही नाव जोडायचे नाही. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीरावर काय-काय जाणवते ते क्रमाने बघायचे आणि त्यावर चिडायचे नाही, हुरळायचे नाही. दिवसात तीनदा तासभर न हलता बसायचे.

"दुसऱ्या दिवशी पळून जावेसे वाटले," भाऊ म्हणाला. "गुडघे जळत होते. डोक्यात दुकान, देणी, अब्बा. पाचव्या दिवशी बसलो असताना हॉस्पिटलचा दरवाजा आठवला, जिथून आम्हाला आत सोडले नव्हते. दीड वर्षात रडलो नव्हतो. तिथे रडलो. कुणी जवळ आले नाही, कुणी पाठीवर हात ठेवला नाही. बरेच झाले. रडून झाल्यावर परत श्वास बघायला लागलो."

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटते, अकराव्या दिवशी घरी सोडतात. मी घ्यायला गेलो. फाटकाबाहेर लोक एकमेकांना पत्ते देत होते. शेतकरी होते, बँकेतले होते, एक-दोन परदेशी होते. कुणाकडून फी घेतलेली नव्हती. तिथला नियम असा की शिबिर पूर्ण केलेल्यानेच दान द्यायचे, म्हणजे आपण राहतो-जेवतो ते आपल्या आधी येऊन गेलेल्यांच्या पैशावर. तेल-मसाज आणि शांतता एकाच बिलात विकणारे रिसॉर्ट आज डोंगराडोंगरांत उभे राहत असताना ही गोष्ट लहान नाही. लिल्लाह देणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको, पण आपण ते विसरायलाही नको.

भाऊ वली होऊन परतला नाही. देणी तशीच होती. पण झोपू लागला. महिनाभराने अम्मी मला म्हणाली, "आता बोलण्याआधी थांबतो." मला वाटते, या एका वाक्यात त्या दहा दिवसांचा हिशेब आला.

आता माझे म्हणणे मांडतो.

आपल्यात अशा गोष्टींवर दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक, "हे सगळे शिर्क आहे, नाव काढू नका." दुसरी, "सगळे धर्म एकच सांगतात, नमाज म्हणजेही योगच." मला दोन्ही आळशी वाटतात. पहिली प्रतिक्रिया समोरच्याचे दुःख बघत नाही. दुसरी समोरच्याचा धर्मही नीट बघत नाही आणि आपलाही. विपश्यनेत कुणाला हाक मारायची नसते. नमाज ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाक आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या आहेत हे मान्य करूनच शेजाऱ्याकडून शिकता येते.

शिकणे नवीनही नाही. बल्खजवळच्या नवविहार या बौद्ध विहाराचे प्रमुखपद ज्या घराण्याकडे होते, ते बरमक घराणे पुढे मुसलमान झाले आणि 8व्या शतकात बगदादच्या अब्बासी खलिफांचे वजीर बनले. आपल्या मराठी मुलखात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. औरंगाबादची पाणचक्की बघायला आपण सहली नेतो, पण ती ज्या बाबा शाह मुसाफिरांच्या तकियात आहे ते नक्शबंदी सूफी होते, आणि नक्शबंदी तरिक्याचे एक मूळ तत्त्व 'होश दर दम' हे आहे, हे मुलांना सांगत नाही. होश दर दम म्हणजे प्रत्येक श्वासावर भान. फरक इतकाच की तिथे श्वासासोबत अल्लाहची आठवण असते. श्वास बघणे आपल्याला परके नाही. आपण ते दर्ग्याच्या कव्वालीत आणि उरुसाच्या गर्दीत हरवून बसलो.

एक कठीण प्रश्न टाळता येणार नाही. ही साधना आपल्याकडे आली ती म्यानमारमधून. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे सत्यनारायण गोएंका 1955 मध्ये अर्धशिशीने बेजार होऊन गेले, त्यांच्याकडेच शिकले आणि 1969 मध्ये भारतात येऊन शिबिरे घेऊ लागले. इगतपुरीचे धम्मगिरी त्यातूनच उभे राहिले. गोएंकांचा जन्म मंडालेचा. त्याच मंडालेतल्या विहारातून भिक्खू विराथू याने मुसलमानद्वेषाची प्रवचने दिली, आणि ऑगस्ट 2017 नंतर 7 लाखांहून अधिक रोहिंग्या घरदार सोडून बांगलादेशात गेले. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने भावाला तोंडावर विचारले, "त्यांच्या धर्माची शांती तुला कशी चालते?"

प्रश्न रास्त आहे. पण कुठे स्फोट झाला की आपल्यालाही हाच प्रश्न विचारला जातो, आणि तेव्हा आपण म्हणतो की काही माणसांच्या गुन्ह्यावरून अख्खा दीन मोजू नका. हे माप आपल्याला हवे असेल तर दुसऱ्यालाही तेच लावावे लागेल. रोहिंग्यांवरच्या जुलमाविषयी गप्प बसायचे नाही, आणि त्या जुलमाचे बिल तालुक्यातल्या शेजारच्या काकांच्या नावावर फाडायचेही नाही. ते काका बाबासाहेबांच्या 1956च्या धम्मदीक्षेचे वारस आहेत. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांचा हा बौद्ध धम्म. त्यांच्याशी आपले नाते दुःखाच्या शेजारपणाचे आहे.

त्याच काकांकडून आणखी एक गोष्ट मी शिकलो. मी त्यांना विचारले, मन शांत करून अन्याय संपतो का? ते हसले. म्हणाले, "बाबासाहेबांनी आम्हाला डोळे मिटून बसायला नाही सांगितले. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे सांगितले. डोळे मिटायचे ते उघडल्यावर नीट दिसावे म्हणून." 1994 मध्ये तिहार तुरुंगात किरण बेदी कारागृह महानिरीक्षक असताना हजाराहून अधिक कैदी एकत्र या साधनेला बसले होते. चांगलेच झाले. पण कैद्याला शांती मिळाली म्हणून त्याचा खटला वर्षानुवर्षे रखडावा, असे होत नाही. शांती हवी आणि न्यायही हवा, एकाच्या बदल्यात दुसरे घेऊ नये.

आता आपल्या घरात येऊ. भाऊ परतल्यानंतरच्या रमजानमध्ये मी पहिल्यांदा एतिकाफला बसलो. खरे सांगायचे तर थोड्या ईर्षेने बसलो. दहा दिवस त्यांचे, शेवटचे दहा दिवस आपले. प्यारे नबी दरवर्षी रमजानचे शेवटचे दहा दिवस मशिदीत एकांतात काढत, अखेरच्या वर्षी वीस दिवस काढले. नबुव्वतीच्या आधी हिराच्या गुहेतला एकांत होताच. मौनाला घाबरण्याचेही कारण नाही. कुरआनात मरियम अलैहिस्सलाम यांच्या न बोलण्याच्या रोजाचा उल्लेख आहे. आपल्याकडे न बोलणे ही स्वतंत्र इबादत मानत नाहीत, पण फालतू बोलणे टाळायला कुणी मना केलेले नाही.

आणि मशिदीत मी काय पाहिले? पडदे लावलेले कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात चार्जर. इफ्तारला कोणाकडून बिर्याणी येणार याची चर्चा. निवडणुकीच्या गप्पा. तरावीहनंतर रिल्स. बसलेले आम्ही सहा जण, त्यातले चौघे साठीच्या पुढचे. एतिकाफ गावातून कुणीतरी एकाने केला की बाकीच्यांची जबाबदारी उतरते, या मसल्याचा आपण असा अर्थ लावला की तो म्हाताऱ्यांवर सोपवून द्यावा. तिसऱ्या दिवशी मी माझा फोन भावाकडे दिला. तो हसून म्हणाला, "भाई, आता गुडघे दुखतील."

दुखले. पण पाचव्या-सहाव्या रात्री सजद्यात अब्बा आठवले आणि मीही रडलो. फरक एवढाच होता की माझ्याकडे रडणे सांगायला कुणीतरी होता.

म्हणून माझी विनंती आहे. जो तिकडे जातो त्याला काफिर ठरवू नका, त्याला आधी विचारा की तुला झोप का येत नव्हती. आणि मशिदीच्या जिम्मेदारांनी येत्या रमजानला चार साध्या गोष्टी कराव्यात. एतिकाफवाल्यांचे फोन दारात जमा करावेत. तरुणांना नावाने बोलवावे. जेवण साधे ठेवावे. आणि बायकांसाठी, मशिदीत जागा असेल तिथे मशिदीत, नसेल तर घरातल्या एका कोपऱ्यात, दहा दिवसांची सुट्टी मान्य करावी. नबींच्या पत्नी एतिकाफ करत होत्या. आमच्या अम्मीला आयुष्यात दहा दिवस स्वयंपाकघरातून सुट्टी मिळालेली नाही.

भाऊ आता फजरला येतो का? कधी येतो, कधी नाही. मी विचारत नाही. गेल्या आठवड्यात आला होता, मागच्या सफेत बसला होता. दुआ संपल्यावरही बराच वेळ तसाच बसून होता. मी त्याला हाक मारली नाही.