कुलूप आहे, पण दार कुणाचं?

प्रोग्रॅममधून सर्व्हरवरची फाइल उतरवायची म्हटलं की आपण एसएफटीपी वापरतो आणि निर्धास्त होतो. माझ्या मते हे काम अर्धंच झालं.

तातू युलोनेननं १९९५ साली फिनलंडमध्ये एसएसएच लिहिलं ते नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले म्हणून. त्यात डेटा कुलूपबंद होतोच, शिवाय समोरचा सर्व्हर खरा का, हेही 'होस्ट की'वरून कळतं. आपण काय करतो? पायथॉनचं पॅरामिको अनोळखी सर्व्हर मुळातच नाकारतं, आणि आपण एरर नको म्हणून 'ऑटोअ‍ॅडपॉलिसी' टाकून मोकळे!

आम्हा सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. पॅकिंग कितीही पक्कं असलं तरी आतली चादर सोलापूरचीच, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून तर जीआय लागतं.

मार्च २०२३ मध्ये गिटहबची आरएसए की चुकून उघडी पडली आणि त्यांनी ती बदलली. ती की तपासणारे प्रोग्रॅम अडले, लोकांना कळलं. तपासणी बंद ठेवणाऱ्यांना पत्ताच नाही.

तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करून फिंगरप्रिंट घ्या, ते जुळलं की सर्व्हरची होस्ट की 'नोन होस्ट्स'मध्ये टाका, आणि जुळलं नाही तर प्रोग्रॅम थांबू द्या. पगाराची फाइल उशिरा आलेली परवडते, भलत्याकडून आलेली नाही.

बघा पटतंय का.