हातांना फुटलेली वाचा

जिभेला हाड नसते, असे आपण म्हणतो. भाषेला तर जीभ असावीच लागते असेही नाही, याची आठवण २३ सप्टेंबरचा दिवस करून देतो. जागतिक कर्णबधिर महासंघाची स्थापना २३ सप्टेंबर १९५१ रोजी रोममध्ये झाली. तीच तारीख संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनासाठी निवडली आणि २०१८पासून तो पाळला जाऊ लागला. आपल्याकडे या भाषेची बोळवण अजूनही ‘हातवारे’ या एका शब्दात होते. पण भाषा मुळात जन्मते कशी, या कोड्याचा सर्वांत ठळक उलगडा या हातवाऱ्यांनीच केला आहे.

कोडे जुने आहे. बादशहा अकबराने काही तान्ही मुले एका वास्तूत ठेवली आणि त्यांच्याशी बोलण्यास दायांना मनाई केली. चार वर्षांनी तो तिथे गेला, तेव्हा मुलांच्या तोंडून मुक्या आवाजांपलीकडे काही निघाले नाही. लोकांनी त्या वास्तूला ‘गुंग महाल’ म्हटले. पुढे १८६६मध्ये पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने भाषेच्या उगमावरचे निबंध स्वीकारायचेच नाहीत, असा नियम केला. हाडे जमिनीत सापडतात, उच्चारलेला शब्द सापडत नाही. मग नुसत्या तर्कांचे करायचे काय?

पण एक भाषा अलीकडेच जन्मली, आणि तिचे बाळपण अभ्यासकांना पाहता आले. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात कर्णबधिर मुले पूर्वी आपापल्या घरात एकेकटी वाढत. घरच्यांपुरत्या चार खुणा, एवढेच त्यांचे भांडवल. १९७७मध्ये राजधानी मानाग्वात विशेष शाळा निघाली. १९७९च्या क्रांतीनंतर मुलांची संख्या वाढून शेकड्यांत गेली. वर्गात शिक्षक ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत. त्यातून फारसे हाती लागत नव्हते. मधल्या सुट्टीत आणि शाळेच्या बसमध्ये मात्र मुलांचे हात थांबत नव्हते. प्रत्येकाने घरून आणलेल्या खुणा एकमेकींत मिसळल्या. १९८६मध्ये भाषाशास्त्रज्ञ ज्यूडी केगल तिथे गेल्या, तेव्हा धाकट्या मुलांच्या खुणा थोरल्यांपेक्षा अधिक जलद आणि बांधेसूद झालेल्या त्यांना दिसल्या. ही भाषा त्यांना कोणी शिकवलेली नव्हती.

त्या बांधणीचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. कोणी उतारावरून गडगडत खाली गेला, हे सांगताना थोरली मुले हात गोल फिरवत फिरवतच खाली नेत; बोलणारी माणसेही तसेच करतात. धाकट्यांनी त्याच्या दोन खुणा केल्या: आधी ‘गडगडणे’, मग ‘खाली’. ॲन सेंगस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये हे दाखवून दिले. वरवर पाहता हे उलटेच वाटते, कारण अखंड नक्कल अधिक हुबेहूब असते. पण सुटे झालेले ‘खाली’ दुसऱ्या कशालाही जोडता येते. घसरत खाली, धावत खाली. चित्र मोडून त्याचे सुटे भाग करणे आणि ते हवे तसे जोडणे, यालाच आपण व्याकरण म्हणतो. ते थोरल्यांनी नाही, धाकट्यांनी घडवले.

आणि विचाराचे काय? शब्दाचा स्पर्श नसलेले ज्ञानच नाही, असे प्राचीन भाषातत्त्वज्ञ भर्तृहरी मानत होता. निकाराग्वाचा अनुभव इतके टोकाचे सांगत नाही. थोरली मंडळी खुणा तोकड्या असतानाही कामधंदा करत होती, जीव लावत होती, भांडत होती. तरी एका जागी ती अडत. एखादी वस्तू मालकाच्या माघारी हलवली, तर परतल्यावर तो ती कुठे शोधेल? या तऱ्हेच्या चाचण्यांत वयाने मोठे असूनही त्यांतले बरेच जण चुकत आणि तरुण बरोबर उत्तर देत. थोरल्यांपाशी ‘वाटणे’, ‘ठाऊक असणे’ यांच्या खुणा जेमतेम होत्या. दोन वर्षांनी त्या त्यांच्या बोलण्यात रुळल्या होत्या आणि उत्तरेही सुधारली होती. विचाराचे बी भाषेवाचून रुजते. पण दुसऱ्याच्या मनात डोकावायला ‘त्याला वाटतं’ एवढे म्हणण्याची सोय मोठा आधार देते.

म्हणूनच सांकेतिक भाषा दिन भाषणांपुरता राहू नये. १८८०च्या मिलान परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणातून खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला. त्याबद्दल त्याच परंपरेतल्या परिषदेने २०१०मध्ये व्हँकुव्हरला खेद व्यक्त केला. भारतात २०१५मध्ये सांकेतिक भाषेसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही या भाषेची दखल घेतली. पण कायदा पाळण्यापर्यंत पोहोचत नाही. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. आईची भाषा त्यांच्या कानी पडतच नाही. अशा घरात ‘खुणा शिकवल्या तर बोलायचं राहील’ ही भीती घातली जाते आणि शिकण्याची मोलाची वर्षे हातची जातात. श्रवणयंत्र द्यावे, शस्त्रक्रियाही करावी. पण त्याबरोबर खुणाही द्याव्यात, आणि त्या आधी आईबापांना शिकवण्याची सोय जिल्ह्याजिल्ह्यांत व्हावी.

अकबर त्या महालात ऐकायला गेला होता. त्या मुलांच्या हातांकडे पाहण्याचे कारण त्याला वाटले नसावे. कर्णबधिर मुलाच्या तोंडून पहिला शब्द कधी येतो याची वाट पाहत बसणारे आपण त्याच दारात उभे आहोत.