सुईची भीती आणि गोळीचा भरवसा

कुत्र्याच्या मूत्रपिंडाची बायोप्सी करू नये, असे म्हणणाऱ्यांचा पूर्वपक्ष तीन पायांवर उभा आहे. सुई टोचली की रक्तस्राव होणार, हाती येणारा तुकडा निदानाला पुरणार नाही, आणि पुरला तरी उपचार शेवटी तेच राहणार. लघवीतून प्रथिने जात आहेत, रक्तातले अल्ब्युमिन उतरले आहे, पायांना सूज आहे, अशा कुत्र्याला मग प्रेडनिसोलोन हे प्रतिकारशक्ती दाबणारे स्टेरॉइड सुरू होते आणि पुढे काय होते ते 'बघू' असे ठरते. या पक्षात सावधपणा आहे असे वरवर वाटते. माझ्या मते त्यात सावधपणा कमी आणि सवय जास्त आहे.

तिसरा पाय सर्वांत भक्कम मानला जातो, म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ. उत्तर अमेरिकेत ग्लोमेरुलसच्या विकाराच्या संशयावरून बायोप्सी केलेल्या 501 कुत्र्यांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. ग्लोमेरुलस म्हणजे मूत्रपिंडातली रक्त गाळणारी केशवाहिन्यांची गुंतवळ. या कुत्र्यांपैकी 48.1 टक्क्यांमध्येच प्रतिकारशक्तीने तयार केलेली संयुगे त्या गाळणीत साचलेली सापडली. 20.6 टक्क्यांमध्ये गाळणी घट्ट होऊन वठत चालली होती, तर 15.2 टक्क्यांमध्ये अमायलॉइड नावाचे प्रथिन साठले होते. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांना शास्त्रीय आधार आहे तो पहिल्या गटापुरता. उरलेल्या निम्म्याहून अधिक कुत्र्यांना ती देणे म्हणजे साप समजून भुई धोपटणे. त्यातही स्टेरॉइड काही निरुपद्रवी नाही. कुत्र्यांमध्ये ते लघवीतून जाणारी प्रथिने वाढवू शकते आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही वाढवते. या रोगात गुठळ्यांची भीती मुळातच असते. प्रथिने कमी करणारे बेनाझेप्रिल किंवा टेल्मिसार्टन, मूत्रपिंडासाठीचा आहार, रक्तदाबाचे नियंत्रण हे सारे बायोप्सीविना सुरू करता येते आणि करावेच. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया आणि बबेसियाचे संसर्गही प्रतिकार-संयुगांच्या वाटेने मूत्रपिंडाला धक्का देतात. त्यांची तपासणी आणि उपचार आधी व्हायला हवेत, हे मला मान्य आहे. पण एवढे करूनही प्रथिने थांबत नसतील, तर पुढचे औषध कोणत्या आधारावर निवडायचे, या प्रश्नाला पूर्वपक्षाकडे उत्तर नाही.

आता रक्तस्राव. ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. 283 कुत्र्यांच्या 2005 सालच्या आढाव्यात 13.4 टक्के कुत्र्यांना काही ना काही उपद्रव झाला, 9.9 टक्क्यांना गंभीर रक्तस्राव झाला आणि काही कुत्री दगावलीही. मात्र हाच आढावा नीट वाचला तर तो आपल्या बाजूने बोलू लागतो. हा धोका सगळ्यांच्या वाट्याला सारखा आलेला नव्हता. ज्यांचे वजन पाच किलो किंवा त्याहून कमी होते आणि ज्यांच्या रक्तातले क्रिएटिनिन डेसिलिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर गेले होते, त्यांच्यात तो जास्त होता. म्हणजे त्यातला मोठा भाग रोगी निवडतानाच ओळखता येतो. रक्त गोठण्याची क्षमता न तपासता, रक्तदाब आटोक्यात न आणता, वेदनाशामके बंद न करता सुई घातली आणि रक्त वाहिले, तर दोष सुईचा कसा?

बाकीचा धोका हाताच्या कौशल्यावर ठरतो, आणि विरोधक नेमका हाच भाग सोडून देतात. मूत्रपिंडाचा बाहेरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, हाच बायोप्सीचा प्रदेश. ग्लोमेरुलस तिथेच असतात. कॉर्टेक्स आणि आतल्या मेड्युलाच्या सीमेवरून कमानीसारख्या धमन्या जातात. सुई मूत्रपिंडाच्या मध्याकडे रोखली की ती याच धमन्यांत शिरते, शिवाय हाती येतो तो मेड्युलाचा निरुपयोगी तुकडा. एका चुकीने पूर्वपक्षाचे दोन पाय एकदम खरे ठरतात! म्हणून सुई कडेने, कॉर्टेक्सला समांतर न्यायची, खोल नाही. भूल पूर्ण हवी, कारण श्वासाबरोबर मूत्रपिंड हलते. वर सांगितलेल्या आढाव्यातही पूर्ण भुलीत घेतलेले नमुने सरस ठरले. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली 16 किंवा 18 गेजची स्प्रिंगवर चालणारी सुई वापरतात, आणि शक्यतो डावे मूत्रपिंड निवडतात, कारण उजवे बरगड्यांखाली दडलेले असते. कुत्रे अगदी लहान असेल किंवा सोनोग्राफीत सराईत हात नसेल, तर पोट उघडून डोळ्यांदेखत छोटी पाचर कापून घेणे अधिक सुरक्षित. त्यानंतर सलाइन, चोवीस तास विश्रांती आणि रक्ताच्या पातळीवर लक्ष, एवढे पुरते. लघवीत थोडे रक्त दिसणे अपेक्षितच असते आणि ते बहुधा आपोआप थांबते.

तुकडा पुरत नाही, या आक्षेपात तथ्य आहे, पण तो बायोप्सीवरचा नसून तिच्या हाताळणीवरचा आहे. नमुन्यात कॉर्टेक्स आहे की नाही, हे तिथल्या तिथे भिंगाखाली पाहायला हवे. नंतर त्याचे तीन वाटे करायचे: साध्या सूक्ष्मदर्शकासाठी फॉर्मॅलिनमध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ग्लुटारल्डिहाइडमध्ये आणि इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी मिशेलच्या द्रवात. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून नेहमीच्या जाड छेदावर 'नेफ्रायटिस' असे एका शब्दाचे उत्तर मागवले, तर ते अपुरेच येणार. ज्या प्रतिकार-संयुगांसाठी हा सारा खटाटोप, ती साध्या सूक्ष्मदर्शकात पुष्कळदा ओळखताच येत नाहीत.

खर्चाचा मुद्दा खरा आहे. अशा तिहेरी तपासणीची सोय मोजक्याच ठिकाणी असते. पण महिनोन्‌महिने चुकीचे औषध, त्याचे दुष्परिणाम आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या रक्ततपासण्या यांचा हिशेबही वहीत मांडावा लागेल. आणि हेही स्पष्ट सांगतो की प्रत्येक कुत्र्याला बायोप्सी नको. मूत्रपिंड आटून लहान झाले आहे, आजार अखेरच्या टप्प्यात आहे, किंवा मूत्रपिंडात पू, गळू अथवा पाण्याची सूज आहे, अशा वेळी निदान हाती आले तरी त्याचा उपयोग होत नाही आणि धोका मात्र पुरेपूर असतो. दुर्दैव असे की बायोप्सीचा विषय बहुतेकदा याच टप्प्यावर निघतो. मग ती फसते आणि पूर्वपक्षाला आणखी एक दाखला मिळतो.

म्हणून श्वानपालकांना एवढेच सांगणे आहे: लघवीतल्या प्रथिने-क्रिएटिनिन गुणोत्तराचा आकडा वारंवार 0.5 च्या वर येत असेल आणि औषध-आहाराने तो उतरत नसेल, तर स्टेरॉइडची चिठ्ठी घेण्याआधी बायोप्सीबद्दल विचारा, आणि रक्तातले क्रिएटिनिन अजून खाली आहे तोवरच विचारा.